एका गिऱ्हाइकाला एकदाच

दादाने छोटी वही ॲप्रनच्या खिशात सारली आणि शेजारच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाची कात्री हवेतच थांबली. महिनाभरात ही कितवी वेळ, हे मोजायचं त्याने सोडून दिलं होतं. तो जवळ आला की वही बंद. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

"टीव्हीवरच्या त्या हवामानवाल्या बाईचे केस कधी विस्कटलेले पाहिलेत?" दादा खुर्चीतल्या चष्मेवाल्यांच्या मानेवरून ब्रश फिरवत म्हणाला. "तिच्या खोलीला खिडकीच नसणार हो!" चष्मेवाले हसले, पण जरा बेतानेच.

या सलूनमध्ये लोक केस कापायला कमी आणि दादाचं बोलणं ऐकायला जास्त येत. पाऊस, मोबाइल, विमान, सिनेमा, विषय कुठलाही काढा. "आता फोन म्हणे तोंड बघून उघडतो. दाढी काढल्यावर नाही ओळखलं तर माझ्याशी भांडायला येऊ नका." "हिरो दहा वर्षांनी तुरुंगातून सुटतो आणि कल्ले बघा कसे रेखीव! तिथल्या कारागिराला पाठवा की इकडे." आणि एका गिऱ्हाइकाला एक विनोद दुसऱ्यांदा सांगायचा नाही, हा वडिलांपासून चालत आलेला दुकानाचा नियम. दादाने तो तीस वर्षं पाळला होता. धाकट्याचा हात साफ होता, पण त्याने तोंड उघडलं की गिऱ्हाईक जांभई देई. दादा गेला तर दुकान चार महिनेही तग धरणार नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आणि रस्त्यापलीकडे नवं, काचेचं सलून उभं राहत होतं.

एवढ्यावरही त्याने मन आवरलं असतं. पण दादाच बदलला होता. जन्मभर त्याला 'ढब्ब्या' म्हणून हाक मारणारा हा माणूस हल्ली 'राजे' म्हणू लागला होता, गिऱ्हाइकांना म्हणतो तसं. सख्ख्या भावाशी कोणी इतकं गोड बोलू लागलं की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. धाकट्याला राग येत होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा त्याने विचारूनच टाकलं, "दादा, समोरच्यांनी तुला बोलावलंय ना?"

दादाने त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तोंडभर हसून म्हणाला, "बघू या राजे, पुढच्या वेळी बोलू निवांत." आणि ॲप्रन खुंटीला अडकवून गच्चीवरचे टॉवेल आणायला गेला.

धाकट्याने वही काढली. पहिल्याच पानावर त्याला हवं ते सापडलं. 'चष्मेवाले. मंगळवारी येतात. मुलगी परदेशी असते. कल्ले लांब ठेवणे.' 'बँकेतले साहेब. सिनेमावर बोलणे, राजकारण नको.' पानंच्या पानं भरलेली. घरचा भेदी, दुसरं काय! तीस वर्षांची गिऱ्हाइकं हा वहीत बांधून समोर नेणार होता.

त्याने पुढची पानं उलटली. अक्षर वाकडं होत गेलं होतं. 'चष्मेवाल्यांना खिडकीचा विनोद सांगून झाला. पुन्हा नको.' त्याखाली वेगळ्या शाईत: 'खिडकीचा पुन्हा सांगितला. ते काही बोलले नाहीत. भला माणूस.' आणखी खाली: 'घरी जाताना औषधाच्या दुकानापाशी डावीकडे वळणे.'

धाकट्याने ती ओळ पुन्हा वाचली. तीस वर्षं पायाखालची वाट दादा लिहून ठेवत होता.

जिन्यात पावलं वाजली. घाईघाईत वही मिटताना शेवटचं पान उघडलं. त्यावर एकच नोंद होती, दोनदा गिरवलेली.

'दाराजवळच्या खुर्चीमागे उभा असतो. डावखुरा. भुवईवर वण. गिऱ्हाईक नाही, आपला धाकटा भाऊ आहे.'