आधी टीम निवड

पाथर्डीहून आलेली ऊसतोडीच्या मुकादमाची जीप आठवड्यात तिसऱ्यांदा दारात थांबली. मान वर न करता नववीतली दिशा धाकट्या बहिणीला मोबाईलवरचा फायटिंग गेम शिकवत राहिली. "आधी टीम निवड. एकट्याचा टिकाव लागत न्हाई. एकानं मारायचं, दुसऱ्यानं सांभाळायचं. एकच कॉम्बो रोज घोटायचा, मंग हात आपसूक चालत्यात."

"पोरगी बराबर बोलती," मुकादम हसला. "उसाच्या फडात बी एकटा गडी चालत न्हाई. नवरा-बायकोच लागत्यात."

दिशाचा अंगठा जागीच थांबला.

वडलांनी खालमानेनं तिच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि त्या जागी मुकादमाचा ठेवला; त्यात खांद्यावर कोयता घेतलेल्या एका अनोळखी पोराचा फोटो होता.