रचलेला न्हावी

"यादीत नऊ नव्हे, अकरा नावं होती," एवारिस्तो काका पुन्हा म्हणाले.

नोएमीने कॉफीचा कप आदळला. तिची कादंबरी येऊन वर्ष झालं, बक्षीसही मिळालं. पण राजधानी सान साल्वादोरहून ती गावी आली, की काका पानं दुमडून तयारच! नदीला एप्रिलमध्ये पाणी नव्हतं. गाय तांबडी नव्हती. यादी टाइप केलेली नव्हती, साबणाच्या वेष्टनावर लिहिलेली होती.

"काका, कादंबरी आहे ती! पंचनामा नाही."

"पण हे माझं गाव, असं तूच लिहिलंयस ना?"

हीच तर पंचाईत होती. यादवी पेटली तेव्हा ती सहा वर्षांची होती. लष्कर आलं, यादी वाचली, माणसं नेली. तिचे वडील त्यातलेच. काकांनी तिला खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडला, सीमेपलीकडे होंडुरासच्या निर्वासित छावणीत वाढवलं. युद्ध तिने ऐकलं ते त्यांच्याच तोंडून. यादी कुणी दिली, ते मात्र गावाला कधीच कळलं नाही. म्हणून कादंबरीत यादी देणारा एक न्हावी तिने रचला.

"गावात न्हावी एकच होता," काका म्हणाले. "सेफेरिनो."

"सतरांदा सांगून झालंय तुमचं!"

"तो मेला, सुटला. त्याची मुलगी रुफिना आहे ना. तिच्या खानावळीत पुपुसाच्या भाकऱ्या खायला आता कुणी फिरकत नाही. परवा तिच्या भिंतीवर लिहून गेले, खबऱ्याची पोर. आज सामान बांधतेय ती."

"मग मी काय करू?" नोएमीचा आवाज चढला. "रेडिओवर सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, न्हावी माझ्या मनचा आहे. लोक म्हणतात, बाई घाबरली! त्यांना नाव हवंय, काका. खरं नाव मिळेपर्यंत कुणी ऐकायचं नाही."

"पुढच्या आवृत्तीत बदलता येतं का गं?"

"येतं की. पण घालू कुणाचं? तुम्हीच सांगा!"

काकांनी पुस्तकातलं यादीचं दुमडलेलं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं.

"माझं घाल," ते म्हणाले.