हातभर जागा

कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली, लेन्स नाही.

हनुमंतरावांचा पारा चढला. नाही म्हणजे काय? अडतीस वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपलेली लेन्स तोंडावर बसवलीय, आणि हा मुठीएवढा कॅमेरा खुशाल म्हणतो नाही! जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं ते अडकलंच, लेन्स मात्र ठणठणीत राहिली. म्हणून लेकीनं, चैत्रानं, सिंगापूरहून हा नवा कॅमेरा आणि त्याच्यावर ती जुनी लेन्स बसावी म्हणून एक कडं धाडलं होतं. आज लग्नाचा वाढदिवस. भिंतीवर अडतीस फोटो होते. एकोणचाळिसावा चुकवायचा नव्हता.

त्यांनी फोन लावला आणि खिडकीत टेकवून ठेवला.

“अप्पा, मेनूंत जा,” चैत्रा म्हणाली. “‘लेन्सविना फोटो’ असं हाय, तें चालू करा.”

“म्हणजे याच्या लेखीं ही लेन्स नाहींच?”

“नाहींच. जुनी ना ती, हातानं फिरवायची. पण याला कळत नाहीं म्हणून ती नाहीं, असं थोडंच हाय?”

“सरि, सरि, बरं,” हनुमंतराव पुटपुटले आणि ते चालू केलं.

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीत त्यांचं घर, त्यातली ही मधली खोली. एका भिंतीला दोन वेताच्या खुर्च्या, समोरच्या भिंतीला कॅमेऱ्याचा स्टँड. पापनाशम् स्टेशनात तिकिटं देण्यात जन्म गेलेला माणूस, सगळं जागच्या जागी लागायचं. जमिनीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके होते, स्टँडच्या पायांचे तीन, खुर्च्यांच्या पायांचे आठ. दर पोंगलला हनुमंतराव ते ठिपके स्वतः गिरवत. पहिल्या वर्षी त्यांची आई इथंच कमरेवर हात ठेवून उभी होती. “सुनेनं असं खेटून बसायचं नाहीं,” ती म्हणाली होती. “हातभर जागा सोडा.” सोडली. ठिपके त्याच दिवशी पडले.

त्यांनी पडद्यात पाहिलं. त्यांची खुर्ची अख्खी दिसत होती. बायकोच्या, वसंताच्या, खुर्चीचा नुसता एक हात. कॅमेरा वळवला तर वसंताची खुर्ची आली आणि त्यांची गेली.

“दोन्ही मावत नाहींत गं!”

“याच्या आंतला फोटो टिपायचा तुकडा फिल्मपेक्षां लहान, अप्पा. कडेचं कापलं जातं. थोडं मागें जा.”

“मागें भिंत हाय.”

“मग खुर्च्या मागें घ्या.”

“तिकडेही भिंतच हाय.”

“मग फोनवर काढा की! आज एक दिवस!”

“फोन ठेव तूं,” म्हणत त्यांनीच तो बंद केला. लगेच वाटलं, उगाच बंद केला. सकाळपासून दूधवाल्याशी दोन शब्द झाले होते, तेही तमिळमध्ये. मागच्या आडी महिन्यात, आषाढात, वसंता गेली, आणि या घरातली मराठी त्या फोनपुरती उरली होती.

ते स्टँडशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते. आता दोघांतलं एकच कुणीतरी फोटोत येणार. ते एक आपण असावं, असं त्यांच्या जिवाला मुळीच वाटत नव्हतं.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वसंता नवं लुगडं नेसून खुर्चीवर हात ठेवून उभी होती. “सासूबाई आतां नाहींत,” ती म्हणाली होती. “सरकवूं काय थोडी?” आणि ते कॅमेऱ्यामागून म्हणाले होते, “ठिपके चुकतील.” ती हसली आणि बसली. पुन्हा काही तिनं कधी विचारलं नाही. ठिपके! अरे माणसा, आपणच तर मारले होते ते.

हनुमंतराव उठले. वसंताची खुर्ची उचलली. किती हलकी! एका हातानं उचलली असती कधीही. नेऊन आपल्या खुर्चीला लावली. वेताच्या हाताला वेताचा हात ठक्कन लागला.

आता दोन्ही मावल्या.

ते लेन्सचं कडं हळूहळू फिरवू लागले. पूर्वी वसंताच्या नाकातली चमकी धरून ते फोकस करत. आता धरायला खुर्चीचा वेत तेवढा होता. पडद्यावर तो मोठा करून पाहिला, तशी धूसर जाळी स्पष्ट होत गेली. मधोमध ती खोलगट झाली होती. इतकी वर्षं तो वेत त्यांना कधी दिसलाच नव्हता, कारण त्यावर वसंता बसलेली असायची. त्यांचे डोळे भरून आले आणि फोकस पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

दहा सेकंदांचा टायमर लावून ते निघाले. पूर्वी ते धावत सुटायचे आणि त्यांची ती धावपळ बघून वसंताला हसू फुटायचं. भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत ती तेच हसतेय. आज ते कसेबसे पोचले, बसले. कोपर कुठं ठेवावं कळेना. शेवटी तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं.

क्लिक झालं.

फोटो पाठवल्यावर चैत्राचा लगेच फोन आला.

“अप्पा, खुर्च्या जवळ घेतल्या?”

“मावत नव्हत्या,” हनुमंतराव म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी फडताळातून पांढऱ्या रंगाचा डबा काढला. वसंताच्या खुर्चीशी खाली बसले आणि तिच्या चारही पायांशी नवे ठिपके मारले, एकेक नीट.

“सरकवली बघ,” ते म्हणाले, आणि रंग वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.