चारशे पन्नासचा वेग

मशीन पुन्हा अडकलं. माऊसचा बाण पडद्याच्या मधोमध खिळला आणि मागं उभ्या असलेल्या नववीच्या पोरी फिदीफिदी हसल्या.

शुभांगीनं बटण बंद केलं, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि मदरबोर्डवरच्या मधल्या चिपला बोट लावलं. लगेच मागं घेतलं.

"काय झालंय गं?" शेळके सरांनी दारातून विचारलं.

"चिप तापतीय सर. प्रोसेसरवर पंखा आहे, हिच्यावर काहीच नाही. त्यात वर पत्रा, बाहेर एप्रिल."

"नीट होईल ना? गावानं वर्गणी काढून घेतलीत ही मशीनं. ऊसतोडीच्या बायांनीसुद्धा पदराची गाठ सोडली."

"होईल सर. माझ्यावर सोडा."

गोरक्षनाथ शेळके सर देवळाली प्रवरेच्या पुढच्या या वाडीवर मुख्याध्यापक होऊन आले त्याआधी भिंगारला होते. शुभांगीला गणित त्यांनीच शिकवलं. वडील गेल्यावर आईनं, जयमालाबाईंनी, तिची शाळा सोडवायचं ठरवलं, तेव्हा सर घरी येऊन बसले ते होकार घेऊनच उठले. पुढं भिंगारच्या बाजारात अनिमेषनं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, तेव्हा "हिला ठेवून घे, हिचा हात बघ," म्हणून तिला तिथं घेऊन गेलेही तेच. वडिलांच्या जागी म्हणतात तसे नाही, वडीलच.

अनिमेष दिलदार माणूस. दुकानातलं सगळं त्यानं हातचं न राखता तिला शिकवलं. लग्नाच्या कॅसेटींची टायटलं करायला दुकानातलं मशीन हळू पडायचं, म्हणून दोघांनी ते ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवलं होतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. मशीन पळायचं छान, पण काम अर्ध्यावर आलं की थिजायचं. शेवटी शुभांगीनं एका जळक्या अँप्लिफायरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी करवतीनं कापली, रेडिओवाले वापरतात ती पांढरी पेस्ट लावून मदरबोर्डच्या चिपवर बसवली आणि वर छोटा पंखा जोडला. मग अख्खी लग्नसराई मशीन अडलं नाही. अनिमेषनं पेढे आणले.

"पण हे खेळ आपल्या मशीनवर," तो बजावायचा. "गिऱ्हाइकाला द्यायचं ते मूळ वेगाचंच." म्हणून तर तिला त्याच्याबद्दल आदर होता.

शाळेची मशीनं सरांनी अनिमेषकडूनच घेतली होती; ती त्यानं एकट्यानंच जोडून पाठवली होती. त्यांच्यासाठी तिनं तशाच पट्ट्या कापून आणल्या. एकेक कॅबिनेट उघडून चिपा पुसल्या, पेस्ट लावली, पंखे जोडले. सर स्वतः शेजारी बसून स्क्रू हातात देत राहिले. दुपार कलली तरी एकही मशीन थिजलं नाही. पोरींनी पडद्यावर घरं काढली, मोर काढले.

"तू होतीस म्हणून निभावलं," सर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातलं एक मशीन मात्र पुन्हा रुसलं. शुभांगीनं त्याचा प्रोसेसर उपसून हातात घेतला. काळ्या प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर कंपनीचा स्टिकर, स्टिकरवर वेग : ४५०. उष्णतेनं डिंक सुटला होता, एक कोपरा उचलला होता. तो बसवायला तिनं अंगठा दाबला, तर स्टिकर जागचा सरकला.

खाली डबीवरच मूळ छपाई होती. ३००.

दुकानातलं मशीन असंच थिजायचं, अगदी असंच. हा उन्हाळ्याचा दोष नव्हता. तीनशेची मशीनं चारशे पन्नासनं पिटाळली जात होती आणि त्यांनी धापा टाकू नयेत म्हणून ती स्वतः वारा घालत बसली होती. तिच्या पट्ट्या नसत्या तर ही लबाडी उन्हाळ्यातच उघडी पडली असती.

प्रोसेसर रुमालात बांधून ती तडक भिंगारला आली. अनिमेषनं तो पाहिला आणि पुन्हा हातातला कीबोर्ड पुसू लागला.

"चालतायत ना मशीनं?"

"तू म्हणायचास, गिऱ्हाइकाला मूळ वेगाचंच द्यायचं."

"म्हणायचो."

"गावाला फसवलंस. सरांना फसवलंस. आणि माझ्या हातून झाकून घेतलंस?"

त्यानं मान वर केली. ओठाच्या कोपऱ्यात हसल्यासारखं काहीतरी होतं. "मग सांग की सरांना. आधी त्यांनाच सांग."

इतका कोडगेपणा तिनं त्याच्यात कधी पाहिला नव्हता.

घरी ती जेवली नाही. आईनं कारण विचारलं, तेव्हा एवढंच बोलली, "अनिमेषनं सरांना फसवलं गं."

जयमालाबाई खर्ड्याकडच्या. बोलणं सरळ. "मंग रडतीस कशाला? सरांच्या कानावर घाल. त्यांच्यासारखा मानूस न्हाई. ते बघत्याल काय ते."

सकाळच्या एसटीनं ती वाडीवर पोचली. ऑफिसात सर एकटेच होते. तिनं रुमाल सोडला, प्रोसेसर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पट्ट्या आपणच बसवल्या, आपल्यामुळंच हे लपलं, हे सांगताना तिला हुंदका आवरेना.

सरांनी प्रोसेसर उलटासुलटा करून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"त्याच्याशिवाय आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही सर. आधी तुमच्याकडंच आले."

"शहाणी आहेस. तुझी यात काही चूक नाही. जा, नळावर तोंड धुऊन ये. मी आत्ता लावतो त्याला फोन."

नळाचं पाणी गार होतं. कालपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलल्यासारखं तिला वाटलं. आता सर त्याची चांगली हजेरी घेतील. मशीनं परत घ्यायला लावतील. पदरानं तोंड पुसत ती व्हरांड्यातून परतली.

ऑफिसचं दार लोटलेलं होतं. आतून सरांचा आवाज येत होता. त्यात राग नव्हता.

"अनिमेष, ती आलीय रे इथं. नाही, नाही, घाबरू नकोस. फक्त तुझं कळलंय, माझं नाही."