एकटीचा चढ

काकू नव्या सायकलवर बसल्या, एक पाय पायडलवर ठेवला आणि तशाच थांबल्या. दुकानदार म्हणाला, निघा की. तरी त्या हलेनात. पुढून कुणी "हं, चल" म्हटल्याशिवाय पाय मारायची त्यांना सवयच नव्हती.

लग्न झाल्यापासून काकू मागच्या सीटवर. दोघांनी मिळून चालवायची ती लांबलचक सायकल. पुढे काका, मागे काकू. गल्लीतली पोरं तिला मालगाडी म्हणायची आणि काकांनाही तेवढंच हवं असायचं. इंजिन पुढे, डबा मागे, डब्याने नुसतं रुळावर राहायचं, असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. एरवी बाजारहाट आणि रविवार उजाडला की टेकडीची पायवाट. मग एका पहाटे काका झोपेतच गेले. हृदय बंद पडलं. मालगाडी जिन्याखाली धूळ खात पडली.

मुलाचं एकच पालुपद होतं, आता माझ्याकडे चल. काकूंना आपलं घर सोडायचं नव्हतं. पण बाजार लांब, दवाखाना त्याहून लांब, आणि ऊठसूट दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शेवटी मायलेकांचं ठरलं. दुकानामागचा तोच टेकडीचा चढ काकूंनी एकटीने चढून दाखवला, तर मुलगा पुन्हा तो विषय काढणार नव्हता. नाही जमलं, तर सामान बांधायचं.

दुकानदाराने तीन सायकली काढल्या होत्या. पहिली बारीक चाकांची. ही रस्त्यावर पळेल आणि टेकडीवर मला आपटेल, म्हणत काकूंनी ती बाजूला सारली. दुसरीची टायरं ट्रॅक्टरला शोभतील अशी. तिसरीची ना धड जाड, ना धड बारीक. रस्त्यावर अडायची नाही आणि मातीत घसरायची नाही. काकूंनी तिचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला आणि हीच काढा म्हणाल्या.

"हं, चल," शेवटी त्या स्वतःच पुटपुटल्या.

सायकल निघाली ती थेट समोरच्या खांबाकडे. हँडल वळवायचं असतं हे हातांना माहीतच नव्हतं. बाजूला उभा असलेला मुलगा धावला, तसा दुकानदाराने त्याचा दंड धरला. काकूंनी कसाबसा खांब चुकवला, मग एक कुत्रं चुकवलं आणि चढाला लागल्या. आता दोघांचं काम दोन पायांवर येणार, म्हणून त्यांनी दातओठ खाऊन जोर लावला. चढ आला. चढ वाढला. काकू वाट बघत राहिल्या, आता जड होईल, मग जड होईल. होईना. माथा आला तरी धापसुद्धा लागली नाही.

त्या खाली आल्या तेव्हा मुलगा हात जोडून उभा होता. जिंकलीस बाई, म्हणाला. पण काकूंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"आमच्या त्या सायकलवर पुढच्याने जोर लावलाच नाही," त्यांनी दुकानदाराला विचारलं, "तर मागच्याला कळतं का हो?"

"कसं कळणार, काकू? दोघांची पायडलं एकमेकांना जोडलेली. मागच्याने रेटलं की पुढच्याचे पाय आपोआप फिरतात. त्याने नुसते ठेवले तरी."

काकू मटकन तिथल्या स्टुलावर बसल्या. काकांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत टेकडी फार जड जायची. वय झालं माझं, असं त्या म्हणायच्या आणि मागे घामाघूम व्हायच्या. पुढे काका आपले गाणी म्हणत असायचे. चढावर जोर लावणाऱ्या माणसाला कधी गाता येतं का? एवढी साधी गोष्ट, पण ती त्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती.

जाण्याच्या आधीच्या महिन्यात काकांची छाती भरून आल्यासारखी झाली होती. काकूच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. चढताना दम लागतो का, डॉक्टरांनी विचारलं. काका काही बोलायच्या आत काकूच फुशारकीने म्हणाल्या होत्या, यांना? अहो, हे दर रविवारी मला मागे बसवून अख्खी टेकडी चढतात. डॉक्टर हसले. काकाही हसले. रविवार बंद पडतील म्हणूनच गप्प राहिले असतील. पित्ताची गोळी घेऊन दोघं घरी आले होते.

"आई, अगं जमलं ना तुला? मग रडतेस कशाला?" मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "हीच घ्यायची ना?"

"घे," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, पण डोळे काही थांबेनात. "त्या दिवशी डॉक्टरांना मी यांची नाही रे, माझीच तब्येत सांगून आले."