पट्टीची पूजा

कॉम्प्युटरची चिप थंड ठेवायला प्रतिक्षानं तांब्याच्या पट्टीत केसाएवढ्या बारीक चौकोनी नाल्या कोरल्या होत्या. त्यांतून संथ वाहणारं पाणी उष्णता घेऊन जाणार होतं. नागपूरच्या परीक्षेआधी ती आसगावला घरी आली, तेव्हा आईनं ती पट्टी देव्हाऱ्यात ठेवून वर मूठभर हळदकुंकू वाहिलं. "देवा, माह्या पोरीच्या कामात काही अडू देऊ नको."

परीक्षकांसमोर पाणी तसूभर पुढे सरकेना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नाली न् नाली हळदकुंकवानं बुजलेली. प्रतिक्षानं रडतरडत घरी फोन लावला, पण खरं कारण सांगायला तिची जीभ रेटेना.

"रडू नको व बाई," आई म्हणाली, "माहीच चूक झाली. पुढच्या खेपेले पंचामृतानं आंघोळच घालतो त्या पट्टीले."