खेळाच्या तासाची शिट्टी
स्कूटरवरून पडून ह्यांच्या खांद्याच्या नसा तुटल्या आणि उजवा हात लुळा पडला. "बरगड्यांमधल्या श्वासाच्या नसा दंडाच्या स्नायूला जोडल्यात, छातीभर श्वास घेतला की कोपर वाकेल," डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशनला आठ महिने झाले. रोज मी दंडावर बोटं ठेवून बसायचे आणि हे अर्धामुर्धा श्वास घेऊन मोकळे व्हायचे. "शाळेचं मैदान दणाणून सोडायचात, आणि आता एवढुसा श्वास?" म्हणत आज मी वैतागून ह्यांची खेळाच्या तासाची शिट्टीच तोंडात कोंबली. सवयीने छाती फुगली आणि माझ्या बोटांखाली काहीतरी टुणकन हललं. मांडीवरचा पंजा बोटभर उचलला गेला. "अहो, हात बघा हात." हे बघतच होते. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी तरारलं, पण शिट्टी काही वाजेना. "सोडा की आता श्वास." ह्यांनी मानेनेच नकार दिला.